माझा एकमेव उमेदवार

दोन वर्षं मी परक्या गावात लोकांची दारं वाजवत हिंडलो. बहुतेकांनी दार उघडलंच नाही, काहींनी उघडून लगेच लावलं, आणि एका गृहस्थांनी दार उघडून, मला आत बसवून, मलाच उपदेश केला. त्यांची आठवण आली की अजून हसू येतं.

मी मॉर्मन मिशनरी होतो. मराठी माणसाला हे सांगितलं की तो आधी मला खालून वर न्याहाळतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे ते चार-चार बायकांवाले का?" ते केव्हाच बंद झालं. आम्हाला तर त्या दोन वर्षांत एकीशीही मोकळेपणी बोलायची चोरी होती. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. पुण्यात आल्यावर आईने हा पंथ धरला, आणि असा घट्ट धरला की मला मिसरूड फुटायच्या आत मी प्रचाराला जाणार हे तिने मंडळीत जाहीरही करून टाकलं. कुठे जायचं ते आपण निवडत नाही, वरून येतं. वरून म्हणजे देवाकडून, व्हाया अमेरिका. मला आलं कॅनडा, आणि कॅनडातही रेजिना, मधल्या सपाट माळरानावरचं बर्फाळ शहर. वडिलांनी नकाशा बघून विचारलं, "इथे माणसं राहतात का?" २०१६च्या जानेवारीत मी तिथे उतरलो तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला.

माणसं राहत होती, आणि फार सभ्य होती. आम्ही उणे तीसमध्ये पांढरा शर्ट, टाय, त्यावर पार्का म्हणजे टोपीवाला जाड कोट आणि त्या कोटावर नावाची काळी पाटी लावून दारात उभे. पाटीवर आडनावाआधी 'एल्डर' लिहिलेलं. एल्डर म्हणजे वडीलधारा. मी वीस वर्षांचा वडीलधारा होतो आणि माझ्या नाकातून पाणी गळत होतं. लोक दार किलकिलं करून "वी आर गुड, थँक्स" म्हणत आणि लावताना वर सॉरीही म्हणत. शिव्या दिल्या असत्या तर निदान अंगात ऊब आली असती.

आम्हाला घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदा. एरवी दर सोमवारी ईमेल. आईच्या ईमेलात भावाची परीक्षा, वडिलांचं गुडघेदुखीचं औषध, शेजाऱ्यांचं भांडण असं सगळं असे, आणि शेवटी एक प्रश्न: किती जणांचा बाप्तिस्मा झाला? माझं उत्तर दर सोमवारी तेच असायचं. शून्य घेऊन घरी जायचं आणि आईने मंडळीत मान खाली घालून बसायचं, ही कल्पना मला तिथल्या वाऱ्यापेक्षा जास्त झोंबायची.

एकटं हिंडायची आम्हाला परवानगी नव्हती. कायम जोडीने, एकमेकांच्या नजरेसमोर. माझा जोडीदार आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला, दारातून वाकून यावं लागे एवढा उंच आणि स्वभावाने गाय. तर एका दुपारी आम्ही दोघांनी एका बंगल्याची बेल वाजवली. दार उघडलं ते अर्धी चड्डी, जाड स्वेटर आणि कानटोपी अशा वेशातल्या, सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या गृहस्थांनी. त्यांनी माझ्या पाटीवरचं आडनाव मोठ्याने वाचलं.

"नगरचा का रे?"

मी दोन महिन्यांत मराठी शब्द ऐकला नव्हता. माझ्या तोंडून कसाबसा "हो" निघाला.

"ख्रिस्ती?"

"हो."

"अमेरिकन मिशनरी नगरला येऊन तुमच्या आजोबा-पणजोबांना बाटवून गेले, आणि तू तोच माल इकडे रिटर्न करायला आलास होय? आत या. हीट बाहेर चाललीय. मी सगळा प्रॉव्हिन्स गरम करायला बसलेलो नाही."

अशी आमची काकांशी ओळख झाली.

काका १९७०च्या सुमारास कॅनडात आलेले. प्रांताच्या हायवे खात्यात पुलांचे इंजिनिअर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी पूल त्यांच्या डोक्यातून गेले नव्हते. गाडी पुलावर आली की ते बोलणं थांबवून कान देत. कुठल्याही नव्या गोष्टीवर त्यांचं एकच मत असे, "आधी सेट होऊ दे." नवा पंतप्रधान, नवा मिक्सर, पुतणीचा नवा नवरा, सगळ्यांना हाच न्याय. देवाबद्दल विचारलं तर म्हणाले, "ड्रॉइंग सुंदर आहे. साइटवर कोणी दिसत नाही."

पहिल्या धड्यात आम्ही आमच्या पैगंबराला मिळालेल्या सोन्याच्या पत्र्यांची गोष्ट सांगितली. काकांनी ती नीट ऐकून घेतली.

"आता कुठे आहेत ते पत्रे?"

"देवदूत परत घेऊन गेला," मी म्हणालो.

"आमच्या डिपार्टमेंटमध्येही ओरिजिनल ड्रॉइंग्ज अशीच जायची. कोणी नेली विचारलं की सगळे वर बघायचे."

मी याचं भाषांतर करून सांगितल्यावर जोडीदार एवढा हसला की त्याला त्या दिवशी प्रार्थना म्हणता येईना.

खरी पंचाईत झाली चहाची. आम्हाला चहा आणि कॉफी दोन्ही वर्ज्य. मराठी घरात हे सांगायला मोठी छाती लागते. पहिल्याच दिवशी काकूंनी आधण ठेवलं होतं.

"साखर कमी घालू का?"

"चहाच नको, काकू."

"मग कॉफी टाकते."

"तीही नाही चालत."

काकू माझ्या जवळ आल्या आणि जोडीदाराला कळू नये अशा आवाजात म्हणाल्या, "शुगर आहे का रे तुला एवढ्या लहान वयात?"

काकांनी मात्र हे आव्हान मानलं. आलेला माणूस काही गरम न पिता त्यांच्या घरून जाणं हा त्यांना डिझाइनमधला दोष वाटे. दर मंगळवारी ते आमच्यासाठी नवा काढा उकळत. सुंठ-गूळ, जिऱ्याचं पाणी, आमसुलाचं सार, आणि एकदा नुसत्या मेथ्या. पेला पुढे ठेवून ते आमच्या चेहऱ्याकडे असे बघत बसत की जणू पुलावरून पहिला ट्रक चाललाय. स्वतः मात्र बशीत ओतून चहा भुरकत. "हे बघ माझं नरकाचं तिकीट," असं म्हणून बशी उचलायचे.

आमच्या पद्धतीत शिकणाऱ्याला छोटे-छोटे संकल्प करायला लावतात. आम्ही काकांना आठवडाभर चहा सोडायला सांगितलं आणि काकांनी तो खरंच सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा फोन वाजला. काकू होत्या.

"हे सकाळपासून किचनमधले ड्रॉवर काढून त्यांचे स्क्रू टाइट करतायत आणि माझ्या कुंकवाच्या डबीला झाकण बरोबर बसत नाही म्हणून भांडतायत. एक तर यांना चहा अलाव करा, नाहीतर तुमच्याकडे राहायला घेऊन जा."

आम्ही चहा अलाव केला.

काकूंचा आणि आमच्या नियमांचा एक सामना तर अविस्मरणीय झाला. घरात दुसरा पुरुष नसेल तर बाई एकटी असलेल्या घरात आम्ही पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. एका मंगळवारी काका ग्रोसरीला गेलेले. बाहेर डोळ्यांतलं पाणी गोठवणारा वारा. काकूंनी दार उघडलं आणि मी तो नियम सांगितला.

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "मी बहात्तर वर्षांची आहे. यात धोका मला तुमच्यापासून आहे, का तुम्हाला माझ्यापासून?"

"तसं नाही, काकू. नियम आहे."

"बरं. उभे राहा मग." त्यांनी दार लावलं. पाचेक मिनिटांनी ते पुन्हा उघडलं आणि टोमॅटोच्या साराचे दोन मग बाहेर आले. मग दोन शाली आल्या. मग काकांच्या दोन कानटोप्या आल्या. काका ग्रोसरी घेऊन परतले तेव्हा त्यांच्या पायरीवर शाली पांघरलेले दोन वडीलधारे सार पीत उभे होते आणि समोरच्या घरातले लोक पडदा सारून बघत होते. काका म्हणाले, "तुम्हाला आत घ्यायचं म्हणजे मला जन्मठेपच आहे घरात." त्यानंतर मंगळवारी काका घराबाहेर पडले नाहीत.

आम्ही आलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय रे, बोहनी झाली का?" मी नकारार्थी मान हलवायचो. आई दर सोमवारी काय विचारते हे मी एकदा काकूंना सांगून बसलो होतो आणि त्या घरात काकूंना सांगितलेलं काकांना कळायला पोळी तव्यावर फुगेपर्यंतही वेळ लागत नसे.

एकदा काका आमच्या चर्चमध्ये आले. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे उपास असतो, पाणीसुद्धा नाही. (साबुदाण्याची खिचडी चालत नाही हे ऐकून काकू म्हणाल्या होत्या, "मग उपास कसला, ही तर शिक्षा.") त्या रविवारी माइक सगळ्यांना मोकळा असतो. ज्याला आतून वाटेल त्याने उठून आपली श्रद्धा सांगायची. लोक भरून येऊन बोलतात, टिश्यूचा डबा रांगेतून फिरतो. तीन जण बोलून झाले आणि काका उठले. कोटाचं बटण लावत ते पुढे निघाले तेव्हा जोडीदाराने माझा हात गच्च धरला. त्याला वाटलं, काकांना साक्षात्कार झाला.

काकांना साक्षात्कार झाला नव्हता. कार्यक्रम संपत आलाय आणि आभार मानायचे राहिलेत असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं होतं. गावातल्या मराठी मंडळात वर्षानुवर्षं आभारप्रदर्शन त्यांच्याकडेच असे. त्यांनी माइक आपल्या उंचीला खाली केला, दोनदा टिचकी मारली आणि "ऑन बिहाफ ऑफ ऑल ऑफ अस" अशी सुरुवात केली. अध्यक्षांचे आभार मानले. वक्त्यांचे मानले. पियानो वाजवणाऱ्या बाईंचे मानले. अल्पोपाहाराची उत्तम व्यवस्था केल्याबद्दल भगिनीवर्गाचे मानले, आणि तेही सगळं सभागृह उपाशी असताना. शेवटी म्हणाले की तुमच्या मुख्य दारावरची पन्हाळ गळते, पायऱ्यांवर बर्फ होतो, एखाद्या म्हाताऱ्याचं हाड मोडण्याआधी ती बदला. जयहिंद म्हणता म्हणता सावरले आणि थँक यू म्हणून खाली उतरले. सगळे सवयीने "आमेन" म्हणाले.

नंतर एक आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की इतक्या वर्षांत त्या माइकवरून कोणी कामाचं बोलल्याचं त्यांनी प्रथमच ऐकलं. पन्हाळ त्याच आठवड्यात बदलली.

असे सात-आठ महिने गेले. आमच्या मिशनचे प्रमुख म्हणजे अमेरिकेत टायरची दुकानं चालवून आलेले एक धिप्पाड गृहस्थ. त्यांनी एके दिवशी फोनवर विचारलं, "हे इंजिनिअर बाप्तिस्मा घेणार आहेत का?" मी म्हटलं, ते फार चांगले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "एल्डर, चांगल्या गृहस्थांसाठी आपल्याकडे वेळ नाही. पुढे सरकत नसतील तर सोडून दे." हाही नियमच होता. जो पुढे सरकत नाही त्याच्याकडे जाणं थांबवायचं आणि दुसरं दार वाजवायचं.

त्या मंगळवारी मी काकांना सगळं सरळ सांगितलं. बाप्तिस्म्याची तारीख ठरली नाही तर पुढच्या मंगळवारपासून आम्हाला येता येणार नाही.

काकांनी बशी खाली ठेवली. काकू ओट्यापाशी हात पुसत थांबल्या.

"ज्यात बुडवता त्या टाकीतलं पाणी गरम असतं का?" काकांनी विचारलं.

"असतं."

"मग बुक कर."

"अहो," काकू म्हणाल्या, "या वयात डुबक्या कसल्या मारताय? घरात रोज पूजा मी करते आणि धर्म हे बदलणार."

"पाणी गरम असतं म्हणाला ना तो."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मनातून मला ठाऊक होतं की आमचं येणं बंद होऊ नये म्हणून ते तयार झालेत. त्यांचा विश्वास वगैरे काही बसलेला नाही. तरी मी सोमवारी आईला लिहिलं: एक होतोय. आईने ते छापून मंडळीच्या फळ्यावर लावलं. इकडे काकांनी चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याच्या टाकीची पाहणी केली, लिटर विचारले, स्लॅबवर लोड किती येतो ते तोंडी काढलं आणि ड्रेनबद्दल समाधान व्यक्त केलं. बाप्तिस्म्यासाठी लागणारा पांढरा पोशाख अंगाला लावून बघितला आणि म्हणाले, "यात मी दूधवाला दिसतो."

बाप्तिस्म्याआधी एक मुलाखत असते. ज्याने शिकवलं त्याने ती घ्यायची नाही, दुसऱ्या मिशनऱ्याने घ्यायची. आम्हाला मिळाला तो एक्स्टर्नल म्हणजे युटाहचा एक चष्मेवाला पोरगा, माझ्याहून जेमतेम वर्षाने मोठा. काका केस चापून बसवून, खिशाला दोन पेनं लावून आले.

"काका, तोंडी परीक्षा आहे."

"असू दे. मी आयुष्यात कुठल्याच परीक्षेत नापास झालो नाही. फर्स्ट क्लास फर्स्ट. तू काळजी करू नकोस."

ते खोलीत गेले. आम्ही दोघं आणि काकू बाहेर बसलो. बराच वेळ गेला. काका हसत बाहेर आले आणि "पेपर बरा गेला" म्हणून काकूंशेजारी बसले. मागून तो पोरगा आला. त्याचा चेहरा उतरलेला. त्याने मला आणि जोडीदाराला बाजूला घेतलं.

देव आहे का, यावर काकांनी ड्रॉइंगबद्दल सांगितलं होतं. पैगंबराबद्दल म्हणाले होते, सेट होऊ दे. चहाबद्दल सॉरी म्हणाले होते. शेवटी त्या पोराने विचारलं, "सर, मग तुम्हाला बाप्तिस्मा कशाला हवाय?" काका म्हणाले, "या मुलाच्या खात्यावर अजून एकही नाही. त्याची आई दर आठवड्याला विचारते. माझं काय जातं? आय कॅन स्विम."

"आय कान्ट पास दॅट," तो पोरगा म्हणाला. "आय रिअली वॉन्टेड टु, मॅन." चष्मा काढून त्याने टायने पुसला.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. इतके महिने मी समजत होतो की मी या म्हाताऱ्याच्या आत्म्याची काळजी वाहतोय. तोच माझी वाहत होता. मला रडू आलं. ते लपवायला मी वॉशरूमकडे निघालो, तर एकटं हिंडायचं नाही म्हणून जोडीदार मागोमाग आला, आणि तो माझ्यापेक्षा मोठ्याने रडत होता.

काकांना निकाल मलाच सांगावा लागला.

"नापास? मी?" काका लालबुंद झाले. "कोणी तपासला पेपर? त्या पोराने? त्याला मिसरूड तरी आहे का? तुमच्यात रिव्हॅल्युएशन असतं की नाही? आमच्या युनिव्हर्सिटीत होतं. वरचा माणूस कोण आहे तुमचा? नंबर दे."

"अहो, घरी चला," काकू म्हणाल्या. "पोरांची तोंडं बघा कशी झालीत."

काका जागचे हलेनात. जोडीदाराने घाबरून प्रमुखांचा नंबर देऊन टाकला. गाडीत बसल्यावर मी त्याला म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. त्या सोमवारी मी आईला लिहिलं की झाला नाही. तिने उत्तरात वडिलांच्या गुडघ्याबद्दल लिहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्याचंच मला जास्त लागलं.

नियमाप्रमाणे काकांना शिकवणं बंद झालं. पण सेवा करायला आम्हाला कधीच बंदी नसते. बर्फ सुरू झाला होता. काका मंगळवारी फोन करायचे, "ड्राइव्हवे शोव्हल करायचाय, या." आम्ही जायचो तर ड्राइव्हवे आधीच लख्ख केलेला असायचा आणि काका धापा टाकत दारात उभे असायचे. "आलात? आता दमला असाल, जेवून जा." निकालाचा विषय ते काढत नसत, मीही नाही. मुकाट्याने वाटाण्याची उसळ खायची आणि निघायचं.

पुढच्या महिन्यात प्रमुख रेजिनाला आले. ते प्रत्येकाला एकेकटं बोलावून घेत. माझी पाळी आली तशी मी बदलीची तयारी ठेवूनच आत गेलो. त्यांचं इंग्रजी मराठीत सांगतो.

"तुझ्या इंजिनिअरांचा मला फोन आला होता," ते म्हणाले.

"सॉरी, सर. रिव्हॅल्युएशनसाठी ना? मी त्यांना समजावलं होतं..."

"रिव्हॅल्युएशन? नाही. आधी त्यांनी आपल्या पार्किंग लॉटमध्ये काय-काय चुकलंय ते सांगितलं. मग म्हणाले, शिकवणारा फर्स्ट क्लास होता, शिकणाराच दगड निघाला. साध्या-साध्या गोष्टी आपल्या डोक्यात शिरत नाहीत, आधीपासूनच शिरत नव्हत्या. नापास लिहायचं तर ते माझ्या नावावर लिहा, म्हणाले, मुलाला शून्य देऊन घरी पाठवू नका. हे तीन-तीनदा सांगितलं आणि मी हो म्हणेपर्यंत फोन सोडला नाही."

प्रमुखांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"हे गृहस्थ नेहमी असंच बोलतात का स्वतःबद्दल?"

"नाही, सर," मी म्हणालो. "आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील."